‘व्ही. भावे’ नावाचा लेखक कोणीच नव्हता : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

पुस्तकांची यादी संगणकावर चढवण्याचे काम संपत आले, त्याबद्दल मंडळाचे आणि नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे अभिनंदन. आमची तक्रार त्यांच्या कामाबद्दल नाही, त्यांना घालून दिलेल्या नियमाबद्दल आहे. नव्या यादीत लेखकासाठी दोनच रकाने ठेवले आहेत : आडनाव, आणि नावाचे रोमन लिपीतले आद्याक्षर. वडिलांचे नाव गाळले. जन्म-मृत्यूची वर्षे गाळली. टोपणनावावरून खऱ्या नावाकडे नेणाऱ्या जोडनोंदी गाळल्या. त्यावर कडी म्हणजे, ‘दुबार नोंदी एकत्र करा’ अशी आज्ञा संगणकाला दिली आणि सारख्या दिसणाऱ्या सगळ्या नोंदी त्याने एकेका लेखकाच्या पदरात टाकल्या. आता जुन्या कार्डांची लाकडी कपाटे रद्दीत काढायची, असा ठरावही सूचनाफलकावर लागला आहे.

हे पत्र कार्यालयात देऊन भागले असते. पण नवी मुंबईत आणि ठाण्यात आणखीही वाचनालये याच वाटेवर आहेत, आणि यादी शेवटी सभासदांची आहे. म्हणून उघडपणे लिहितो आहोत. आमच्यापैकी काहींनी सूचीकरणाचे काम केलेले आहे, काही शाळांतले ग्रंथपाल आहेत, बाकीचे वर्गणी भरणारे वाचक. आपल्या कपाटांत आमच्या घरांतून भेट आलेली पुस्तके आहेत. ती ज्याची आहेत त्याच्या नावाखाली सापडावीत, एवढाच आमचा स्वार्थ.

सुरुवात भाव्यांपासून करू, कारण ते इथलेच. नव्या यादीत ‘भावे, व्ही.’ असा एक लेखक आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते विष्णुदास भावे, म्हणजे विष्णु अमृत भावे, यात आले. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे, १९०१ मध्ये निवर्तलेले. खाडी ओलांडून ठाण्याला गेले की विनायक लक्ष्मण भावे भेटतात (१८७१–१९२६) : ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते, आणि १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्यांतले प्रमुख. तेही त्याच ओळीत. तिसरे विनायक नरहरी भावे (१८९५–१९८२), जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. सारा देश त्यांना विनोबा म्हणून ओळखतो. परिणाम असा की नाटकाची संहिता, वाङ्मयाचा इतिहास आणि ‘गीताई’ ही तिन्ही आपल्या यादीत एकाच माणसाने लिहिली आहेत. डोंबिवलीचे पु. भा. भावे तेवढे सुटले, तेही त्यांचे आद्याक्षर वेगळे म्हणून.

यातली खरी अडचण दोन विनायकांची आहे. तिथे रोमन आद्याक्षराच्या जागी पूर्ण नाव घातले तरी ‘विनायक भावे’ आणि ‘विनायक भावे’ असेच राहते. दोघांना वेगळे करणारी गोष्ट फक्त वडिलांचे नाव किंवा वर्षे, आणि मंडळाने नेमकी तीच दोन काढली. मराठी ग्रंथसूचीत मधले नाव शोभेला नसते. आपल्याकडे मोजकी नावे पिढ्यान् पिढ्या फिरतात, आडनावे गावोगाव वाटलेली असतात. माणूस ओळखू येतो तो मधल्या नावाने.

पुरुषोत्तम देशपांड्यांचेही तसेच. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (१९१९–२०००) कोण, ते सांगायची गरज नाही. पुरुषोत्तम यशवंत देशपांडे (१८९९–१९८६) हे विदर्भातले कादंबरीकार आणि चिंतक. ‘बंधनाच्या पलीकडे’ ही त्यांची कादंबरी. पु. य. यांना १९६२ मध्ये ‘अनामिकाची चिंतनिका’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पु. ल. यांना १९६५ मध्ये ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी. पुरस्कारप्राप्त पुस्तकांची यादी काढली की एकाच ‘देशपांडे, पी.’ला तीन वर्षांत दोनदा पुरस्कार मिळालेला दिसतो. पुढच्या पिढीतही गुंता आहेच : पु. य. यांच्या कन्या निर्मला देशपांडे (१९२९–२००८) या विनोबांच्या भूदानात वावरलेल्या गांधीवादी कार्यकर्त्या आणि राज्यसभा सदस्य. त्याच नावाच्या एक मराठी कथालेखिकाही आहेत. ८ नोव्हेंबरला पु. लं.च्या जयंतीचे टेबल मांडायचे म्हणून कोणी यादी छापली, तर त्यावर पु. य. यांची गंभीर पुस्तकेही येऊन बसतील. वाचक पुस्तक उघडून दोन पाने चाळेल, काहीतरी चुकले आहे असे वाटून परत ठेवेल, आणि पु. य. पुन्हा कोणी उघडणार नाही.

रोमन आद्याक्षराने जे केले ते याहून वाईट आहे, कारण देवनागरीत जे नीट वेगळे होते तेही त्याने एक केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, म्हणजे विश्वनाथ काशिनाथ (१८६३–१९२६). त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे, संस्कृतचे पंडित. मराठीत ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ यांत गोंधळ होत नाही; रोमनमध्ये दोघेही ‘व्ही. के.’. भांडारकर संस्थेने १९४० मध्ये काढलेली यास्काच्या निरुक्ताची आवृत्ती वैजनाथरावांची. आपल्या यादीत ती इतिहासाचार्यांच्या नावावर चढली आहे, त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. नोंदीत मृत्यूचे वर्ष असते तर करणाऱ्याच्या डोळ्यांत हे लगेच खुपले असते. तसेच दोन अरविंद गोखले : कथाकार अरविंद विष्णु गोखले (१९१९–१९९२), आणि पत्रकार-संपादक अरविंद व्यं. गोखले. मराठीत ‘वि.’ आणि ‘व्यं.’, रोमनमध्ये विष्णू, व्यंकटेश, वासुदेव, वामन, वसंत सगळेच ‘व्ही.’.

आद्याक्षरांवर विसंबणे मराठीतही धोक्याचे आहे, हेही मान्य करू. ‘ना. धों.’ म्हणजे ‘गोट्या’ लिहिणारे नारायण धोंडदेव ताम्हनकर, आणि ‘ना. धों.’ म्हणजे नामदेव धोंडो महानोर. ‘ना. घ. देशपांडे’ यातला ‘ना.’ नागोरावाचा. म्हणून चांगल्या सूचीत आद्याक्षरे कंसात फोडून लिहितात. ‘वासुदेव बळवंत’ एवढेच विषयसूचीत लिहिले, तर पनवेलजवळच्या शिरढोणचे आद्य क्रांतिकारक फडके (मृत्यू १८८३, एडन), १९३१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडणारे गोगटे आणि ‘काव्य आणि काव्योदय’कार प्रा. पटवर्धन असे तिघे त्यात मावतात. त्यातले दोघे क्रांतिकारक, तेव्हा विषयावरूनही सुटका नाही. इथे आडनावाने सोडवले, भाव्यांच्या बाबतीत वडिलांच्या नावाने. कुठल्या दोघांना कशाने वेगळे करावे लागेल ते आधी सांगता येत नाही. म्हणूनच सगळे भाग जपायचे असतात.

काही ठिकाणी वडिलांचे नावही कामाला येत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) आणि हिंदी व्यंगकार शरद जोशी (१९३१–१९९१) : दोघांचेही नाव देवनागरीत अक्षरशः एकच, आणि हिंदी लेखक मुखपृष्ठावर वडिलांचे नाव सहसा लिहीत नाहीत. तिथे वर्षे आणि एका शब्दाची ओळख लागते. आपल्याकडे हिंदी विभाग वेगळ्या खोलीत असल्यामुळे हे आजवर झाकून राहिले. संगणकाला खोल्या नसतात. बाजार समितीच्या आवारात काम करणारे आपले कितीतरी सभासद शेतमालाच्या भावावरची पुस्तके शोधतात. त्यांना व्यंगलेखांची यादी मिळते आहे. वसंत देसाईही दोन : संगीतकार (१९१२–१९७५), आणि ‘मखमलीचा पडदा’ लिहिणारे वसंत शांताराम देसाई. दोघांचा संबंध मराठी नाटकाशी, दोघांवरची पुस्तके एकाच कपाटात.

पाटलांबद्दल नवी मुंबईत राहून वेगळे काय सांगावे. ‘पाटील, डी.’ या एका ओळीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील (दिनकर बाळू, १९२६–२०१३) आणि शिक्षणसंस्थांचे डी. वाय. पाटील (ज्ञानदेव यशवंतराव) एकत्र आले आहेत. भूमिपुत्रांच्या आंदोलनावरची पुस्तिका शोधणाऱ्या बेलापूर-उरणच्या मुलाने हे पाहिले तर त्याला काय वाटेल? ‘पाटील, जे.’ खालच्या कात्रणांत इस्लामपूरचे जयंत राजाराम पाटील आणि अलिबागचे, शेतकरी कामगार पक्षाचे जयंत प्रभाकर पाटील मिसळले आहेत; दोघेही एकाच काळात विधिमंडळात होते, त्यामुळे तारखेवरूनही कात्रणे वेगळी करता येणार नाहीत, प्रत्येक वाचावेच लागेल. ‘पाटील, व्ही.’ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनचे माजी अध्यक्ष विजय पाटील आणि संगीतकार राम-लक्ष्मण (१९४२–२०२१) यांच्या नोंदी आहेत, कारण राम-लक्ष्मण यांचे खरे नाव विजय पाटील. त्यातही गंमत अशी की ते मुळात दोघांचे जोडनाव होते. जोडीदार सुरेंद्र हेंद्रे गेल्यावर विजय पाटलांनी ते एकट्याने चालवले. अशी नावे नोंदवायला दोन ओळी जास्त लागतात. लागू द्याव्यात.

आणि एक विसंगती इथेच दाखवायला हवी. सभासद नोंदणीच्या अर्जात आपण वडिलांचे किंवा पतीचे नाव सक्तीने मागता, कारण घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे इथल्या गावठाणांतून येणाऱ्या पाटील, म्हात्रे, भोईर, कोळी मंडळींची नावे एकमेकांत मिसळतात, हे आपल्याला अनुभवाने कळले आहे. एकाच्या नावावरचे पुस्तक दुसऱ्याकडे मागायला जायला नको म्हणून. मग लेखकाने काय घोडे मारले?

आडनाव सक्तीचे केल्याने जे आडनावाने ओळखले जात नाहीत त्यांची जी गत झाली ती पाहून हसावे की रडावे कळत नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) नव्या यादीत ‘बाई, पी. आर.’ झाल्या आहेत. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) ‘रानडे, आर.’ खाली नीट आहेत. पण चरित्रांच्या विषयसूचीत ‘रमाबाई’ एवढ्यावर या दोघी आणि रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५) एकत्र आल्या. पहिल्या दोघी समकालीन. १८८२ मध्ये पुण्यात पंडिताबाईंनी काढलेल्या आर्य महिला समाजात रमाबाई रानडेही होत्या, त्यामुळे एकाच पुस्तकात, एकाच पानावर दोघी भेटतात. नोंद करणाऱ्याने पुस्तक उघडूनही त्याचा गोंधळ होऊ शकतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तर नियम हवा.

संतांच्या बाबतीत ‘संत’ हेच आडनाव धरले गेले. ‘संत, एन.’ या लेखकाच्या नावावर नामदेवांचे अभंग आहेत, निवृत्तीनाथांचे आहेत, आणि कवयित्री इंदिरा संत यांचे पती प्रा. ना. मा. संत यांचे लेखनही आहे. नामदेवांपुरते बोलायचे तर हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा. नामदेव गाथेत ‘नामा’ अशी मुद्रा असलेले नंतरच्या कवींचे अभंग शिरले आहेत, आणि सोळाव्या शतकातला विष्णुदासनामा हा महाभारत लिहिणारा वेगळा कवी आहे. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून जे दोन माणसे म्हणून वेगळे केले, ते एका आज्ञेने परत एक करणे, ही साधी टंकलेखनाची चूक म्हणता येणार नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. जोडनोंदी काढल्यामुळे एकच माणूस तीन-चार तुकड्यांत विखुरला. प्रल्हाद केशव अत्रे, प्र. के. अत्रे, आचार्य अत्रे आणि ‘झेंडूची फुले’चे केशवकुमार हे एकच, नव्या यादीत ‘केशवकुमार’ हा वेगळाच कवी आहे. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम हे निवृत्ती रावजी पाटील (१९१४–१९९७). त्यांना ‘पाटील, एन.’मध्ये घालू नका आणि ‘सावळाराम’ हे आडनावही करू नका. टोपणनाव हेच मुख्य शीर्षक (म्हणजे ज्या नावाखाली लेखकाची पुस्तके लावायची ते) ठेवून खऱ्या नावाकडून तिकडे नेणारी ‘पाहा’ नोंद द्यायची. दत्तक गेलेल्यांचे तर नावच बदलते : वि. स. खांडेकर जन्मतः गणेश आत्माराम. राम गणेश गडकऱ्यांना ‘गोविंदाग्रज’ आणि ‘बाळकराम’ यांच्याशी जोडावे लागते. गडकरी म्हणजे कोणते हे ठाणेकराला सांगावे लागत नाही, संगणकाला लागते.

हे सगळे फक्त वाचकाच्या सोयीचे नाही. मंडळाने जुनी पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवायचे ठरवले आहे. भारतातल्या कायद्याप्रमाणे, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. वि. ल. भावे १९२६ मध्ये गेले. त्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले. विनोबा १९८२ मध्ये गेले. त्यांचा हक्क २०४२ अखेर संपेल. ‘भावे, व्ही.’ला मृत्यूचे कोणते वर्ष देणार आहात? वि. ल. यांच्या आधारावर ‘गीता प्रवचने’ चढवली तर कायदेशीर नोटीस वाचनालयाला येईल, सॉफ्टवेअर देणाऱ्याला नाही. शिवाय ही प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. म्हणजे तिथे लेखनिकाचीही नोंद हवी, तीही नव्या रकान्यांत बसत नाही. पुस्तक खरेदी समितीचेही तेच. ‘या लेखकाची पुष्कळ पुस्तके आहेत, आता नकोत’ असे म्हणताना तो लेखक मुळात तिघांचा मिळून झाला आहे हे समितीला दिसणार नाही. वार्षिक अहवालात ‘सर्वाधिक वाचले गेलेले लेखक’ छापता, तो तक्ता यंदा कृपा करून छापू नका.

मंडळाने दिलेली कारणे आम्ही ऐकली. पहिले : रोमन लिपीमुळे जगभर शोधता येईल. तर रोमन रूप जरूर ठेवा, पण दुय्यम म्हणून, पूर्ण नावासह. मुख्य शीर्षक देवनागरीच हवे. दुसरे : सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही. आपण घेतलेले सॉफ्टवेअर मार्क २१ (ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा प्रमाण नमुना) पद्धतीचे आहे. त्यात १०० क्रमांकाच्या रकान्यात नावाला, उपाधीला, आद्याक्षरांच्या पूर्ण रूपाला आणि वर्षांना वेगवेगळे उपरकाने असतातच. अथॉरिटी फाइलमध्ये, म्हणजे लेखकांच्या ठरवलेल्या नावांच्या नोंदींत, ४०० खाली पर्यायी नावे आणि ६७० खाली ‘हे कशावरून ठरवले’ ते लिहायची जागा असते. रकाने आहेत, ते लपवले आहेत एवढेच. तिसरे कारण मनुष्यबळाचे, आणि ते खरे आहे. पण सगळी यादी पुन्हा करायची नाही. ज्या नावांखाली एकत्रीकरण झाले तेवढीच तपासायची.

तपासायचे कसे, तेही लिहितो, म्हणजे ‘हे तज्ज्ञांचे काम’ असे कोणी म्हणणार नाही. आधी एकत्रीकरणापूर्वीची प्रत, म्हणजे बॅकअप, आहे का ते पाहावे. असेल तर ती वेगळ्या संगणकावर उघडून दोन्ही याद्या दाखल अंकावरून (पुस्तक वाचनालयात दाखल होताना त्याला दिलेल्या क्रमांकावरून) जुळवाव्यात. नसेल, तर एकत्र झालेल्या प्रत्येक नावाखालचे दाखल अंक छापून घ्यावेत आणि जुन्या कार्डांशी व दाखल नोंदवहीशी ताडावेत. नोंदवहीत बहुधा पूर्ण नाव हाताने लिहिलेले असते. ‘एकत्र करा’ या आज्ञेला उलटे बटण नाही : एक नोंद राहते, बाकीच्या पुसल्या जातात आणि त्यांची पुस्तके उरलेल्या नोंदीला जोडली जातात. म्हणून कपाटे रद्दीत गेली की मूळ स्थितीकडे जायचा रस्ताच बंद.

कार्डावर संशय आला तर पुस्तक हातात घ्यावे. मुखपृष्ठावर विसंबू नये, तिथे नाव सर्वात तोकडे असते. नामपृष्ठ, त्याच्या मागची प्रकाशनाची बाजू, प्रस्तावनेखालची सही, गाव आणि तारीख, अर्पणपत्रिका, आणि ‘याच लेखकाची पुस्तके’ ही यादी एवढे पाहिले की बहुतेक नावे सुटतात. जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (एका खंडात १८००–१९३७, दुसऱ्यात १९३८–१९५०) आपल्याच संदर्भ विभागात आहे. त्याच कपाटात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश आणि ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’. त्यानंतरही न सुटलेले नाव सोडवल्यासारखे करू नये. वेगळे ठेवावे आणि शेजारी ‘अनिर्णित’ लिहावे. दोन नोंदी चुकून वेगळ्या राहिल्या तर पुढे कधीही जोडता येतात. चुकून जोडलेल्या वेगळ्या करणे फार अवघड जाते. संशय आला की वेगळे ठेवा, हा एक नियम पाळला तरी निम्मे काम होईल.

शीर्षक असे दिसावे :

भावे, विनायक लक्ष्मण, १८७१–१९२६
भावे, विनायक नरहरी (विनोबा), १८९५–१९८२
भावे, विष्णु अमृत (विष्णुदास), मृ. १९०१
जोशी, शरद (शेतकरी संघटना), १९३५–२०१५
जोशी, शरद (हिंदी व्यंगकार), १९३१–१९९१
सावळाराम, पी. : एक घटक म्हणून, आडनाव न फोडता, ‘पाटील, निवृत्ती रावजी’कडून ‘पाहा’

लेखनातली एक बारीक गोष्टही नियमात घाला, नाहीतर आजचे काम उद्या फिस्कटेल. विष्णु-विष्णू, कुलकर्णी-कुळकर्णी अशी दोन्ही रूपे पुस्तकांवर असतात. नामपृष्ठावरचे रूप तसेच ठेवून दुसरे पर्यायी नावांत घालावे. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडकर’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एक दुसऱ्याला सापडत नाही. कोणता प्रकार वापरायचा ते ठरवून सर्व टंकलेखकांना एकच कळफलक द्यावा. जुन्या फॉन्टमधून बदलून आणलेल्या नोंदींत ही गडबड सर्वाधिक असते, त्या आधी पाहाव्यात.

आमच्या मागण्या :

१. कार्डांची कपाटे आणि दाखल नोंदवह्या पडताळणी पूर्ण होईपर्यंत हलवू नयेत. ठराव स्थगित केल्याची सूचना फलकावर लावावी.

२. दुबार नोंदी आपोआप एकत्र करण्याची सोय आजपासून बंद करावी. यापुढे एकत्रीकरण एका माणसाने सुचवावे, दुसऱ्याने पाहावे, आणि ते कोणी, केव्हा, कशावरून केले याची वही ठेवावी.

३. वडिलांचे नाव, वर्षे, ओळख आणि पर्यायी नावे यांचे रकाने उघडावेत. आडनावाची सक्ती काढावी.

४. मुख्य शीर्षक देवनागरीत.

५. पडताळणी पाटील, जोशी, देशपांडे, भावे, कुलकर्णी, गोखले या आडनावांपासून सुरू करावी, संतकवी आणि स्त्रीलेखिका त्यांच्या बरोबरीने. संगीत, क्रीडा नंतर झाले तरी चालेल. सुधीर जोशी नट (निधन २००५) की माजी महापौर (निधन २०२२), हा प्रश्न थोडा थांबू शकतो.

६. मृत्यूचे वर्ष नोंदीत पडताळल्याशिवाय एकही पुस्तक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवू नये.

७. वाचकाला चूक दिसली तर लिहायला देवघेवीच्या खिडकीवर एक वही ठेवावी : दाखल अंक, यादीतले नाव, पुस्तकावरचे नाव. एवढे तीनच रकाने.

पडताळणीसाठी आमच्यापैकी सूचीकरण येणारे लोक शनिवारी-रविवारी विनामूल्य बसायला तयार आहेत. मंडळाने एक टेबल, यादीची छापील प्रत आणि कार्डांच्या कपाटाची किल्ली द्यावी. ‘भावे’ आणि ‘देशपांडे, पी.’ या दोन शीर्षकांखालची दुरुस्त यादी दाखल अंकांसह या पत्राच्या कार्यालयीन प्रतीला जोडली आहे. पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि निर्णय लेखी कळवावा.

आपले,
सभासद वाचक आणि सूचीकरणाचे काम केलेले काही ग्रंथपाल
नवी मुंबई व ठाणे